खरखर

त्याला पुरून आलो, त्याच्या चौथ्या दिवशी
त्याची मुलगी व्हर्नेल गिटार घेऊन दुकानात आली,
उशीच्या अभ्र्यात गुंडाळून.
खोका असा तिला कधी नव्हताच.
म्हणाली, "नीट करून द्या, मिस्टर डूली.
पोरगा शिकतोय. खरखर तेवढी काढा."

टेबलावरचा पसारा कोपरानं ढकलला,
दिवा खाली ओढला.
बाहेर हेलेनाची दुपार, मिसिसिपीचा गढूळ वास,
आणि कापसाच्या गोदामापाशी एक ट्रक
सुरू होऊ की नको करत.

क्लिओफस टार्व्हरची गिटार.
कॅटलॉग बघून टपालानं मागवलेली, एकोणचाळीस डॉलर,
तेही तीन हप्त्यांत; तिसरा अजून बाकी आहे
असं तो अभिमानानं सांगे.
अंग प्लायवूडचं. मूळ रंग लाल असावा,
वर ट्रॅक्टरचा हिरवा, ब्रशाचे फराटे दिसतील असा.
खुंट्या सहा, त्या चार घराण्यांतल्या.
एक तर खुंटीच नाही, सायकलीचा बोल्ट,
पक्कडीनं पिळायचा.
आवाजाचं बटण गॅसच्या शेगडीचं.
ते त्यानं कधी मंद आचेवर नेलेलं मला आठवत नाही.

मानेच्या वरच्या टोकाला, तारांखाली, हाड.
रविवारच्या जेवणातलं, चघळून झाल्यावर
कानशीनं घासून बसवलेलं.
"मेल्यावरही ज्याला काम सुटत नाही," तो म्हणायचा,
"तो आपल्यातला."

चाळीस वर्षं मी त्याला सांगत होतो, नवी घे.
भिंतीवरच्या दाखवल्या, उधारीवर देतो म्हटलं.
एकदा बसला एक घेऊन,
मॅपलची, लोणी फासल्यासारखी तकतकीत.
दोन सूर लावले. परत टांगली, हळूच,
झोपलेल्याच्या अंगावर पांघरूण घालावं तशी.
"फार शहाणी आहे ही," म्हणाला,
"मी विचारायच्या आधीच उत्तर देते."

आणि शनिवारी रात्री, मिस ओझेलाच्या
तळल्या माशांच्या खोपटात
ही हिरवी, ठिगळांची बया
विचारलं तरी उत्तर देत नसे.
आधी खरखरायची.
मग तो खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचा गळा
करंगळीत घालून तारेवर टेकवी,
आणि सूर पडद्याच्या अलीकडेच थांबे,
उंबऱ्यात उभ्या माणसासारखा,
ज्याला आत काय वाढून ठेवलंय ते ठाऊक आहे.
नाचणारे थांबत नसत. पण बोलत कुणी नसे.
मला, कानावर पोट भरणाऱ्या माणसाला,
तो सूर आत कधी गेला
ते एकदाही पकडता आलं नाही.

तर, खरखर.
मागची पट्टी उघडली. चार स्क्रू, दोघांची भोकं सैल.
आत सार्डिनच्या डब्याचा पत्रा, मापानं कापून बसवलेला.
डाख सगळे नेटके, माझ्याहून बारीक,
एक सोडून.
तो अर्धाच धरलेला. हललं की सुटे, दाबलं की लागे.
एवढ्या नीट हाताचा हा एकच आळस कसा?
शेजारी लाकडावर पेन्सिलीची अक्षरं, डावीकडे कललेली:
"हा डूलीनं दिलाय. हात लावायचा नाही."

अठ्ठ्याहत्तर साल असणार. मी नवा होतो.
पाचला कुलूप लावून गळ टाकायला जायचं होतं.
त्यानं दोन डॉलर दिले,
गिटार कानाशी नेऊन हलवली,
माझ्याकडे बघितलं, आणि काही न बोलता गेला.

सळई तापली होती.
ओल्या स्पंजवर टेकवली, चर्र झालं, वायर काढली.
सैल भोकांत काडेपेटीची एकेक काडी घालून
पट्टी बसवली.
व्हर्नेलचं बिल लिहिलं: तारा, सहा. साफसफाई.
खरखरीपुढे काय लिहावं ते सुचेना.
ती ओळ कोरी सोडली,
आणि खाली बेरजेतून
दोन डॉलर वजा केले.